हिरवळीतले खड्डे

"हे कुणी खणलं?" सुधारानी जवळजवळ ओरडलीच.

"वृक्षारोपणाला खड्डे नकोत व्हय?" बंडोपंत म्हणाले. "उद्या उद्घाटनाला पाव्हणे येणार. एकाला खड्डा दिला अन् दुसऱ्याला न्हाई, तर रुसवे कोण काढायचे?"

बंडोपंत म्हणजे हुमनाबादजवळच्या त्या माजी सैनिक निवासाचे सचिव. लढाईनं मन मोडलेल्यांसाठी बाग आखायचं काम त्यांनीच सुधारानीला दिलं होतं, आणि त्यात रोज नाक खुपसायचं काम स्वतःकडे ठेवलं होतं. आधी दाराशी तोफ हवी, मग कारंजं. तिनं भांडून दोन्ही परतवली. हिरवळीची माती तेवढी उकरू नका, हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

तिचा थोरला भाऊ गुरुबसव इथंच राहत होता. सीमेवर उकरलेल्या मातीतल्या सुरुंगानं त्याच्या डोळ्यांदेखत जोडीदार नेला. तेव्हापासून तो मातीवर पाय ठेवत नसे. गेल्या आठवड्यात मात्र हिरवळीच्या कडेच्या फरशीपर्यंत आला होता. आज उतरेल, उद्या उतरेल, म्हणून ती डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होती.

आणि आता जिकडेतिकडे ताजी माती. संतापानं तिला रडूच फुटलं. चपला काढून ती मधोमध शिरली आणि हातांनी खड्डे बुजवू लागली.

"सुधा! हलू नको!"

फरशीवर गुरुबसव उभा होता, पांढराफटक.

"अण्णा, झाडाचे खड्डे हायेत रे."

"हलू नको म्हनलं ना! मी यायलोय."

ओल्या मातीत उमटलेल्या तिच्या पावलांवर तो एकेक पाऊल ठेवत आला. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"बघा, आले की न्हाई बागेत!" बंडोपंतांनी फोटोसाठी मोबाइल काढला. "कामून अडवायलात खड्ड्यांना? आधीच खणले असते तर कवाच आले असते!"

तो मोबाइल हिसकावून पुरून टाकावा असं तिला वाटलं. पण अण्णानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. आल्या पावलांवरूनच त्यानं तिला मागं नेलं.

फरशीवर पोचताच तो खाली बसला. तिचा पाय मांडीवर घेऊन सदऱ्याच्या टोकानं माती पुसू लागला, बोटं चाचपू लागला. थोरल्या भावानं पायाला हात लावलेला तिला सोसवेना. तिनं पाय ओढून घेतला.

"दुसरा दे," तो म्हणाला.