वीसपैकी एकोणीस

टॅबलेटच्या पडद्यावर 'रात्रीची गोळी कोणत्या खणात ठेवाल?' हा प्रश्न आला आणि लिफ्टमिस्त्रींचं बोट हवेतच थांबलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने टेबलक्लॉथवरची सुरकुती हाताने सारखी केली, उजवीकडे. मिस्त्रींनी उजवीकडचा खण दाबला. हिरव्या अक्षरांत 'शाब्बास' उमटलं.

पुढच्या प्रश्नाला सुरकुती डावीकडे गेली. त्याच्या पुढच्या प्रश्नापर्यंत टेबलक्लॉथवर सुरकुती उरलीच नव्हती, तरी ती सारखी झाली.

समोर बसलेल्या बाईने वही मिटून ठेवली.

डोक्याला मार बसून ज्यांचं लक्ष आणि आठवण डळमळली आहे, अशा मोठ्या माणसांसाठी ती घरबसल्या शिकायचे धडे तयार करायची. मिस्त्रींच्या लक्षात नावं राहत नसत, म्हणून ते तिला 'धडेवाली' म्हणत. पुढे तिच्या ऑफिसातही तेच नाव पडलं. अडीच वर्षं तिने या धड्यांपायी डोळे फोडले होते. अक्षर मोठं, एका पडद्यावर एकच प्रश्न, संगीत नाही, पळती चित्रं नाहीत. आता अकरा घरांमध्ये चाचणी चालू होती आणि गुण सुरेख येत होते. मिस्त्रींना तर प्रत्येक धड्यात वीसपैकी एकोणीस. ऑफिसात सगळे खूश होते. फक्त मिस्त्रींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "त्यांना तीन शब्द पाच मिनिटं आठवत नाहीत. एकोणीस आणले कुठून?"

म्हणून आज ती दोन बस बदलून, दुखरी पाठ घेऊन इथे आली होती.

"वहिनी, जरा पाणी मिळेल?" असं म्हणत ती स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेली. मिस्त्रीणबाई मागोमाग आल्या.

"कधीपासून चाललंय हे?" तिने हळू आवाजात विचारलं.

वहिनींनी न समजल्याचं सोंग केलं नाही. पेला विसळत म्हणाल्या, "दुसऱ्या धड्यापासून. पहिल्यात चुकलं की लाल अक्षरात यायचं ना, 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.' सात वेळा आलं ते. मग दोन दिवस ताट पुढे केलं की सरकवायचे. बोलायचे नाहीत. शाब्बास आलं की बरे असतात. दिवस निघतो."

"पण मग त्यांना काय येतं, काय नाही, ते आम्हाला कसं कळणार?"

"तुम्हाला कळायला हवं, खरं आहे." वहिनींनी पेला भरून तिच्या हातात दिला. "मला दिवस काढायचा असतो."

ती पाणी प्यायली. लाल अक्षरातली ती ओळ तिनेच लिहिली होती, दोन मीटिंगांच्या मधे, चहा गार होत असताना. पुन्हा वाचूनही पाहिली नव्हती. आणि इथे असं असेल तर बाकीच्या दहा घरांत काय? एका तरुणाची आई फोनवर म्हणाली होती, 'सगळं तोच करतो हो, आम्ही नुसतं जवळ बसतो.' तेव्हा तिला ते कौतुक वाटलं होतं. सोमवारी अहवाल द्यायचा होता.

"त्यांचं नाव काढून टाकाल का?" वहिनींनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. तसं सांगायचा अधिकार तिला नव्हता.

वहिनी धुण्याची बादली घेऊन गच्चीवर गेल्या. धडेवाली मिस्त्रींसमोर येऊन बसली. तिने लॅपटॉप उघडला आणि ती लाल ओळ पुसून टाकली. त्या जागी काय लिहावं ते सुचेना.

"मिस्त्री, माणूस चुकला तर इथे काय लिहू?"

मिस्त्री बराच वेळ गप्प राहिले. अशा वेळी मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे, मधे बोलायचं नाही, एवढं या कामाने तिला शिकवलं होतं. ती दुसऱ्यांदा तीसपाशी पोचली तेव्हा ते म्हणाले, "लिफ्ट अडकली की आतला माणूस बटणं बडवत सुटतो. आम्ही बाहेरून सांगायचो. बटणं सोडा. खाली बसा. मी इथेच आहे."

"बसायचा?"

"बसला की निम्मं काम झालं."

तिने टाइप केलं, 'थांबा. घाई नाही.' साध्या काळ्या अक्षरात. टॅबलेट त्यांच्यासमोर सरकवला आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पहिलं उत्तर चुकलं. ओळ उमटली. मिस्त्रींनी हात मागे घेतला, ओठ हलवत प्रश्न पुन्हा वाचला आणि बरोबर खण दाबला. दुसरा प्रश्न दोनदा चुकला. चार प्रश्नांना बावीस मिनिटं लागली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडले तेव्हा घातलेल्या टाक्यांच्या लांबलचक रेघेवरून तो ओघळत होता.

"तुमचं तुम्ही केलंत, मिस्त्री."

"हं." ते डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "ती हात फिरवते, ते दिसतं मला. डोकं आपटलंय. डोळे नाही."

"मग बोलला का नाहीत?"

शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "शाब्बास आलं की ती हसते. एरवी... बंदच झालंय. माझ्यामुळे. तेवढं एक चालू आहे."

दारात रिकामी बादली वाजली. वहिनी आत आल्या.

"झालं का?"

धडेवालीने तोंड उघडलं. पडद्यावर बरोबर उत्तरांचे चार हिरवे ठिपके स्पष्ट दिसत होते. तेवढ्यात मिस्त्रींनी कोपऱ्यातलं बटण दाबलं आणि धडा पहिल्यापासून सुरू झाला.

"कुठलं झालं," ते म्हणाले. "तू गेलीस नि अडलं. बस जरा."

वहिनींनी ओले हात पुसले आणि खुर्ची ओढली.

धडेवालीने सामान आवरलं. जिन्यात तिने साहेबांना फोन लावला. आकडे खरे नाहीत, अकराही घरांचे पुन्हा घ्यावे लागतील, असं सांगून टाकलं.

"आणि धडा?" साहेबांनी विचारलं. "धडा तरी बरोबर आहे ना?"

"तो एकट्या माणसासाठी लिहिला गेलाय," ती म्हणाली. "बदलावा लागेल."

"सोमवारपर्यंत होईल?"

पाठ आता सरळ होत नव्हती. ती तिथेच पायरीवर बसली.

"नाही," ती म्हणाली.