वहिनीच्या हातचं पाणी

“कमळेऽ, कधी येतलंस गे? आवस तोंड उघडना नाय!”

तेरेखोल नदीच्या पल्याड, सातार्ड्याच्या काठावरून कृष्णनाथ आईसाठी बहिणीला हाका मारत होता. अल्याड नयबागच्या काठावर कमलाक्षी उभी होती, शेजारी नवरा गोकुळदास. होडी बांधलेली, आणि होडीपाशी बंदूक घेऊन पोर्तुगीज सैनिक.

आता गोवा घटक राज्य झालंय, सातार्ड्याला कुणीही कधीही जातं, म्हणून हे सांगावं लागतं. पंचावन्न साली ही नदी म्हणजे सरहद्द होती, अल्याड पोर्तुगीजांचा गोवा, पल्याड भारत, आणि ती बंद होती. गोकुळदास पेडण्याच्या कचेरीत पट्टेवाला. सासू शेवटच्या घटका मोजतेय कळल्यावर त्याने बायकोच्या पाससाठी साहेबाचे पाय धरले. साहेबाने पणजीला विचारलं. गव्हर्नर म्हणाला, सोडा तिला; सरहद्दीवरच्या माणसांना असं कोंडलं तर ती आपली राहायची नाहीत. झालं! गोकुळदासला आभाळ ठेंगणं झालं. गव्हर्नरच्या वर आणखी कुणी असतं, हे त्या बापड्याला काय ठाऊक? उद्याच बायकोला पाठवतो म्हणून त्याने काठावर येऊन गळा फाडून सांगितलं, “फाल्या कमळ येता!”

म्हातारीचं घर काठालाच. ओसरीवरच्या खाटेवर तिने ते ऐकलं, आणि हट्ट धरला. शेवटचं पाणी लेकीच्या हातचंच घेणार. सुनेने चमचा पुढे केला की दात आवळून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी लिस्बनहून तार आली. तिथल्या परराष्ट्र खात्याला एकही पास द्यायचा नव्हता. दिला तर भारतापुढे मान तुकवल्यासारखं होईल म्हणे. गव्हर्नर भडकला. तारांवर तारा सुटल्या. मोठ्यांचं भांडण मोठ्यांना लखलाभ, पण इकडे एक म्हातारी तहानेने मरत होती. मला संताप येतो तो याचाच.

“साहेब म्हणतत, आठ दिवसांनी परत विचारतले,” गोकुळदास खाली मान घालून म्हणाला. “माझाच चुकला. मीच सांगलंय पलीकडे.”

“तुमचा आयकूची नाय ती. माझोच आवाज होयो.”

कमलाक्षी पाण्यापाशी गेली. आईचं तोंड बघायची आशा तिने अजून सोडली नव्हती. ती आता आपल्याच तोंडाने सोडायची होती.

“आयेऽ! माका येऊक गावचा नाय! माझी वाट बघू नको! वैनी पाणी देता, ता घे!”

पलीकडे बराच वेळ काही हललं नाही. मग वहिनी खाटेवर वाकलेली दिसली.

“प्याली गे!” कृष्णनाथ ओरडला. “दोन घोट प्याली!”

कमलाक्षीने पदर तोंडात कोंबला. तिथून ती हलली नाही. उन्हं कलली तेव्हा ओसरीवर बायकांचा आकांत उठला.

ती तशीच नदीत शिरली. सैनिकाने बंदूक उचलली.

“न्हाता ती!” गोकुळदास हात जोडून मध्ये आला. “तिची आवस गेली!”

सैनिकाला भाषा कळली नसावी. पण त्याने बंदूक खाली केली. गुडघाभर पाण्यात कमलाक्षीने डोकं बुडवलं, आणि निथळत्या लुगड्याने ती अल्याडच्याच काठावर परत आली.