साखरपुड्याचा फोन

घाटंजीच्या बसस्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. या एकवीस वर्षांत किती फोन उघडले याचा हिशेब नाही, पण फोनवर मत नसलेला माणूस अजून माझ्या काउंटरवर यायचा आहे. ज्याला स्वतःच्या कपाशीवरची बोंडअळी ओळखता येत नाही, तो मला प्रोसेसर समजावून सांगतो.

एक म्हणतो, कंपन्या मुद्दाम अपडेट पाठवून जुना फोन मंद करतात. त्याच्या फोनमध्ये 'शुभ सकाळ'चे अकरा हजार फोटो असतात. दुसऱ्याला दोनशे मेगापिक्सलचाच कॅमेरा पाहिजे, कशाला तर विकायला काढलेल्या म्हशीचे फोटो टाकायला. तिसरा दिवसभर गोळीबाराचा गेम खेळतो आणि मग 'चाचा, फोन लय गरम होते' म्हणून रडत येतो. अरे, दिवसभर उन्हात वखर हाकला तर तुझा बापही गरम होतो. आणि सगळ्यात थोर ते, जे नेटवरच्या बातम्या वाचतात. एआय येणार, नोकऱ्या जाणार, म्हणून यांना झोप नाही. नोकरी कोणाची जाणार? तर याची, ज्याला आजपर्यंत लागलीच नाही.

हे मी मागून बोलत नाही, तोंडावर बोलतो. म्हणून गावात माझी ख्याती अशी की परवेजभाई हाताचा चांगला, तोंडाचा खराब. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट थोडा अभिमानच होता. त्या अभिमानाची किंमत काय पडते ते यंदा बाजाराच्या एका दिवशी कळलं.

विठ्ठलराव माझा शाळेपासूनचा दोस्त. चांगला खातापिता शेतकरी, कापूस आणि तूर, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर. त्याची एकुलती एक मुलगी प्रेरणा. माझी मुलगी माहनूर आणि ती कॉलेजात एकाच बाकावर बसायच्या. हिवाळ्यात प्रेरणाचा साखरपुडा झाला. मुलगा यवतमाळचा, नाव अंकुर. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण काम घरी बसूनच करायचा.

हल्ली साखरपुड्यात साडी आणि अंगठीच्या ताटाशेजारी मोबाइलचंही एक ताट असतं. मुलाकडचे फोन देतात, म्हणजे लग्नापर्यंत दोघांना बोलता यावं. या ताटातल्या डब्यालाही बायांनी हळदकुंकू लावलं, आणि विठ्ठलराव पाहुण्यांना डबा असा दाखवत फिरला की जणू जावई चंद्रावरून माती घेऊन आला होता. मी डबा हातात घेतला तर त्याचं सील फोडलेलं. मी तसं म्हटलं. अंकुर हसून म्हणाला, मीच फोडलं काका, सेटिंग करून दिलंय सगळं, तिला त्यातलं काही कळत नाही.

मग त्याच्याभोवती दहाबारा लोकांचा घोळका जमला आणि पठ्ठ्यानं तासभर मतं वाटली. कोणता फोन घ्यावा, कोणता कचरा आहे, गेमसाठी कोणती चिप, पुढची पाच वर्षं कशी असणार. लोक माना डोलवत होते. मला म्हणाला, काका, तुमची ही दुकानं आता संपलीच समजा. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी मनात म्हटलं आणि त्याला तिथंच नापास केला. पण मी सगळ्यांनाच नापास करतो. त्यामुळे माझ्या नापासाला बाजारात भाव नव्हता.

बाजाराच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास प्रेरणा दुकानात आली, एकटीच. लग्नाला सव्वा महिना राहिला होता. चेहरा उतरलेला, लग्नघरच्या मुलीचा वाटत नव्हता. बॅटरी दुपारपर्यंत संपते, म्हणाली, आणि फोन नुसता ठेवला तरी गरम होतो. पण उघडू नका चाचा, कारण बाहेरच्या माणसाला दाखवलं तर गॅरंटी जाईल, असं त्यांनी सांगितलंय.

गॅरंटीची एवढी काळजी करणारा माणूस मला आधीच आवडत नाही. मी फोन उघडला नाही, नुसत्या सेटिंग पाहिल्या. बॅटरी कोण खातंय ते तिथं लिहिलेलं असतं, पाहायची तसदी कोणी घेत नाही. एक ॲप होतं, 'सिस्टिम सेवा' असं साळसूद नाव घेऊन बसलेलं. स्क्रीनवर त्याचं चित्र नाही, काही नाही. आणि परवानग्या पाहिल्या तर तिची जागा, तिचा माईक, तिचे मेसेज, तिचे फोटो. सगळं दिवसरात्र चालू, आणि सगळं कुठंतरी पाठवलं जात होतं.

मी सगळ्यात आधी फोनचं नेटवर्क बंद केलं. मग तिला सांगितलं की हा फोन तू कुठं आहेस ते सांगतो, आणि तुझ्याजवळ कोण काय बोलतं तेही ऐकवतो. ज्यानं सील फोडलं त्यानंच हे टाकलं.

ती स्टुलावर बसली. मग एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. लायब्ररीत थांबली तर संध्याकाळी तो विचारायचा, लायब्ररीत एवढा वेळ कशाला? प्रयोगशाळेतल्या सरांशी बोलली तर तेही त्याला माहीत. एकदा ती माहनूरला म्हणाली होती की मला आत्ताच लग्न करायचं नाही, पुढं शिकायचंय. त्याच रात्री त्यानं तेच वाक्य तिला जसंच्या तसं ऐकवलं.

"मले वाटलं माहनूरनंच सांगितलं," ती म्हणाली. "म्हणून मी तिच्यासंगं बोलणं सोडलं, चाचा."

माहनूर महिनाभर घरी तोंड पाडून बसलेली मी पाहत होतो. माझं मत तयारच होतं. मी तिला म्हटलं होतं, श्रीमंत नवरा मिळाला की पोरी अशाच शेफारतात, सोड तिला. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली, आणि मला तिची फारशी सवय नाही.

मी विठ्ठलरावला फोन केला. तो बाजारातच होता, पाच मिनिटांत आला. मी त्याला सगळं दाखवलं. त्यानं स्क्रीनकडे पाहिलंही नाही, खुर्ची ओढली आणि हसला.

"परवेज, तुले आजपर्यंत एक तरी फोन पसंत पडला काय? एक तरी माणूस? माह्या ट्रॅक्टरलेही तू डबडा म्हणतं. जावई शिकलेला हाय, तं तुह्या पोटात दुखून राह्यलं."

मी चिडलो. चिडल्यावर मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी अंकुरला अशा शिव्या दिल्या की समोरच्या रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. त्यानं तर विठ्ठलरावाची खात्रीच पटली. तो म्हणाला, फोनमध्ये अशी शंभर सटरफटर ॲप असतात, तूच सांगतोस ना नेहमी? आणि खरंच, मीच सांगतो. पत्रिका वाटून झाल्या, मंगल कार्यालय ठरलं, आता एका मिस्त्रीच्या तोंडावरून सोयरीक मोडू का, असं त्यानं विचारलं. मिस्त्री हा शब्द त्यानं मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा वापरला. तो मला लागला, पण दोष द्यायला तोंड नव्हतं. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला कचरा म्हणत आलो, आता खरा कचरा सापडला तर ऐकणारं कोणी नव्हतं.

तेव्हा प्रेरणा उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, बापाकडेही नाही. बाहेर स्टँडवर देवसिंगची काळीपिवळी जीप यवतमाळची सवारी भरत होती.

"बाबा, चाचाचं नका ऐकू," ती म्हणाली. "माह्यंही नका ऐकू. हा फोन चालू करून देवसिंगदादाजवळ देते. आपण इथंच बसू."

विठ्ठलरावला ते पोरकट वाटलं, पण शर्यत जिंकायची खात्री असलेला माणूस कधी नाही म्हणत नाही. त्यानं तीन चहा सांगितले. प्रेरणानं आधी बाहेर जाऊन देवसिंगला सांगितलं, फोन वाजला तरी उचलायचा नाही, यवतमाळला पोहोचला की स्टँडजवळच राहणाऱ्या माझ्या मावशीजवळ द्यायचा. मग मी नेटवर्क चालू केलं आणि तिनं फोन मुकाट्यानं त्याच्या हाती दिला. देवसिंगनं तो पुढच्या काचेजवळ ठेवला, दोन सवाऱ्या आणखी कोंबल्या आणि जीप निघाली.

आम्ही बसलो. चहा आला, संपला. विठ्ठलराव तुरीच्या भावाबद्दल बोलत राहिला.  प्रेरणा हाताची बोटं एकमेकांत गुंतवून बसली होती. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की माझं मत चुकावं. खरंच वाटलं. ॲप साधं निघावं, मुलगा नुसता बडबड्या निघावा, विठ्ठलरावनं मला वर्षभर चिडवावं.

अर्धा तास झाला असेल. विठ्ठलरावचा फोन वाजला. त्याला फोन कानाला लावायची सवय नाही, शेतात असो की मयतीत, स्पीकर चालूच. त्यानं तो काउंटरवर ठेवला.

"मामाजी, नमस्कार. प्रेरणा कुठं आहे?"

आवाज अंकुरचा, अगदी गोड. विठ्ठलरावनं प्रेरणाकडे पाहिलं. ती हातभर अंतरावर बसली होती.

"घरी हाय," तो म्हणाला. का म्हणाला कोण जाणे. कदाचित त्याला अजूनही शर्यत जिंकायची होती.

"घरी नाही मामाजी, तुम्हाला फसवतेय ती. यवतमाळच्या रस्त्यावर आहे. पाच वेळा फोन केला, उचलत नाही."  मग त्याचा आवाज खाली आला. "आणि हा देवसिंग कोण आहे? दोघं हसताहेत. मी ऐकलंय."

देवसिंगच्या जीपमध्ये चौदा माणसं होती. कोणी तरी त्याला नावानं हाक मारली असेल, कोणी तरी हसलं असेल.

विठ्ठलरावचा हात काउंटरवर तसाच राहिला. त्याच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण माझा दोस्त एका मिनिटात म्हातारा दिसायला लागला.  मग तो हळूच, प्रेरणाकडे न पाहता, पुटपुटला की काळजीपोटी करत असेल, पोरं आजकालची... आणि मला कळलं की हा समजला आहे, पण पत्रिका वाटलेल्या आहेत.

माझ्या जिभेवर वीस शिव्या येऊन उभ्या राहिल्या. मी त्या गिळल्या. बोलायचं माझं काम नव्हतं.

प्रेरणानं फोन आपल्याकडे ओढला.

"मी बाबाच्या समोर बसली हाय," ती म्हणाली. "सकाळपासून इथंच हाय. फोन एकटाच येऊन राह्यला तुमच्या यवतमाळले. मावशीकडून घेऊन जा. मी येत नाही."

 मग अंकुर म्हणाला, "म्हणजे तू तो फोन कोणालाही देऊन टाकलास? किती महागाचा आहे माहीत आहे का तुला?" आणि लगेच आवाज बदलून, "मामाजींना दे फोन. मी त्यांच्याशी बोलतो. तुला काही कळत नाही."

प्रेरणानं फोन बापापुढे सरकवला आणि हात मागे घेतला. रस्त्यावर भाजीवाल्या ओरडत होत्या. विठ्ठलराव त्या फोनकडे पाहत राहिला, मग पोरीकडे पाहिलं, आणि यावेळी नजर काढली नाही. ती रडत नव्हती. मला वाटतं तेच त्याला सहन झालं नाही.

तो फोनवर वाकला.

"ती काय म्हणाली ते ऐकलं ना?" तो म्हणाला. "तुमाले तं सारंच ऐकू येते."

आणि त्यानं फोन बंद केला.