एका सहीपुरता वेळ

"घोड्यावर बसवून न्याल हो मला. पण उद्या मला धरायला फौजदार आला, तर तुम्ही कुठं असाल?" केझाया आपल्या गाठोड्यावरून उठलीसुद्धा नाही.

बोटीची पहिली शिटी होऊन गेली होती. डिसेंबरचा शेवटचा दिवस, नदीवरून बोचरा वारा येत होता, तरी थॅडियस पेल घामाने निथळत होता. पेल वकील होता. चारशे एकर कपाशी, ती पिकवायला एकोणतीस गुलाम, आणि अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्याच्या विधिमंडळात जागा. पण घरी त्याची मुलगी लुसिंडा कालपासून अडली होती. मूल पायाळू, आणि डॉक्टर साठ मैलांवर.

केझाया गावची सुईण. पेलच्या वडिलांनी मृत्युपत्रात तिला गुलामीतून मोकळं केलं होतं. ते मृत्युपत्र पेलनेच कोर्टात मंजूर करून घेतलं होतं. लुसिंडा जन्मली तीही हिच्याच हातावर. आणि याच वर्षी, मोकळ्या काळ्या माणसांनी वर्षअखेरीपर्यंत राज्य सोडावं, नाहीतर पुन्हा विकलं जावं, या कायद्याच्या बाजूने पेलने हात वर केला होता. भाषणही ठोकलं होतं. नाहीतर पुढच्या खेपेला कुणी निवडून दिलं नसतं.

"एका रात्रीचा प्रश्न आहे गं. मी शब्द देतो."

"शब्द नको, वकीलसाहेब. कागद द्या. 'हिला मी ठेवून घेतलं, जबाबदारी माझी.' खाली सही. या पावली येते. पोरीसाठी माझाही जीव तुटतोय."

पेलने वही काढली. दोन ओळी भरभर लिहिल्या. सहीपाशी पेन्सिल थांबली. तिकिटांच्या खिडकीशी गावातले दोन जमीनदार उभे होते, इकडेच बघत. हा कागद निवडणुकीत कुणी सभेत वाचून दाखवला तर?

"करताय ना सही?"

"थांब जरा. शब्द नीट बसवायला हवेत."

केझाया त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दुसरी शिटी झाली. तिने गाठोडं उचललं.

"पोर येताना ओढाओढ करू नका म्हणावं," ती म्हणाली. "त्याचं ते येऊ द्या. अंगावर गरम कापड टाका फक्त." आणि ती फळीवरून चढून गेली.

तेव्हा त्याने सही केली.

"केझाया! केली बघ! केली सही!"

फळी आत ओढली गेली होती. बोटीचं चाक पाणी उपसू लागलं. कठड्याशी गाठोडी घेऊन पंधरावीस माणसं उभी होती. मागे वळून कुणीच बघत नव्हतं.

तो घरी पोचला तेव्हा माडीवर तान्हं मूल रडत होतं. बाकी घरात कसलाच आवाज नव्हता, लुसिंडाचाही नाही. बायको जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिने मान वर केली नाही.

"केझाया भेटली नाही?"

पेलने हॅट काढली.

"नाही," तो म्हणाला. "बोट आधीच सुटली होती."