पाच मंगळवार

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पुठ्ठा कारखान्याचा बॉयलर सलग पाच मंगळवारी दुपारी बंद पडला. बाकीच्या वारी तो बिनतक्रार चालला.

दर बुधवारी पुण्याहून तंत्रज्ञ येई आणि सगळे तपासून ‘दोष आढळला नाही’ असे लिहून जाई. सणसरचे मानसिंग तेव्हा कोपऱ्यात उभे असत. अठरा वर्षे त्यांनी हा बॉयलर हाताळला होता; हजेरीपटावर मात्र ते माळी होते. बॉयलर चालवण्याचा परवाना होता यशराजकडे. वय चोवीस, हुशार, परीक्षा पहिल्याच खेपेला पास.

पुढच्या महिन्यापासून परवाना नसलेल्याला बॉयलरघरात पाऊल ठेवता येणार नव्हते. परीक्षेला बसायचे तर अनुभवाचे पत्र हवे, आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. म्हणून गुरुवारी मानसिंग व्यवस्थापक अविराज यांच्या केबिनमध्ये गेले. यशराज तिथे आधीपासूनच बोलणी खात उभा होता.

“साहेब, माझं पत्र…”

“काय लिहू, मानसिंग? अठरा वर्षं गुलाबाला पाणी घातलं?”

“बॉयलरवर हाय मी. तुमी रोज बघताय की.”

“बघतो. पण लिहिलं, तर विनापरवाना माणसाच्या हाती बॉयलर दिला हे माझ्याच सहीनं सिद्ध होईल. दिलं तर मी अडकतो, नाही दिलं तर तुम्ही.”

“म्हंजी परवान्याला अनुभव पायजे, अन् अनुभवाला परवाना.”

“नियम मी केलेला नाही. आणि इथं आधीच मंगळवारचं भूत बसलंय.”

“भूत न्हाय, साहेब,” तपासणीची यादी पुढे करत यशराज म्हणाला. “मी रोज तपासतो. ह्या बघा खुणा.”

मानसिंगांनी यादी हातात घेतली. चौथी ओळ होती : पाण्याची पातळी राखणाऱ्या तरंग्याचे भांडे, साफ. समोर रोजची खूण, मंगळवारचीही.

“ह्याची झडप तू कधी उघडलीस रं?”

“ती साफच असती, तात्या. मी आठला येतो तवा झडपेच्या नळीखाली ओल असती.”

“ती ओल कशाची असती?”

यशराज यादीतली चौथी ओळ पुन्हा वाचू लागला. मानसिंगांनी बोलणे म्हणजे अठरा वर्षांचा गुन्हा आपल्या तोंडाने कबूल करणे. न बोलावे, तर एखाद्या मंगळवारी स्फोट होण्याआधी बॉयलर बंद पडेलच, याची खात्री कोण देणार?

ते बोलले. अविराजांनी सगळे ऐकून पेन खाली ठेवले.

“बॉयलर तुमच्याच हातावर चालतो हे उघड झालं. आता तर पत्र देताच येणार नाही, मानसिंग.”

“ठावं हाय,” मानसिंग म्हणाले, आणि कोरा अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

कारण साधे होते. बोअरच्या जड पाण्याचा गाळ तरंग्याच्या भांड्यात साचतो. तो रोज सोडला नाही, तर दुपारपर्यंत तरंगा अडकतो, पंप सुरू होत नाही, पाणी उतरते आणि संरक्षक यंत्रणा बॉयलर बंद करते. परवानाधारकाच्या देखत माळ्याने झडपेला हात लावणे नियमबाह्य दिसले असते, म्हणून मानसिंग ती रोज कोणी येण्याआधी, पावणेआठला, उघडत. यशराज ओल पाहून खूण करी; मंगळवारी ओल नसे, पण खूण सवयीने होई. त्या पाचही मंगळवारी मानसिंग बिनपगारी रजा काढून बारामतीला बॉयलर परवान्याच्या परीक्षेच्या वर्गाला गेले होते.