चिंचेनं घासलेले खिळे

माझ्या जावेचं, राजश्रीचं, मला बघवत न्हाय. झाकून कशाला ठेवायचं? बोरगावात आमचं एकत्र घर. ती बी.एस्सी., मी दहावी. माझा अरिहंत भूक लागली की माझ्याकडं येतो, बाकी सगळ्याला त्याला काकूच लागते. एकदा तरी पोरानं माझ्याकडं बघून, आई, तू हायस म्हणून झालं, असं म्हणावं एवढंच मला पायजे होतं.

शाळेच्या प्रदर्शनात बटाट्यावर दिवा लावून दाखवायचा होता. आम्ही जैन, सासूबाई कंदमूळ उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाईत. पोरगं रडकुंडीला आलं. राजश्री म्हणाली, लिंबं घेऊया. एकेका लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्त चढवलेला खिळा खोचायचा. आंबट रसात जस्त झिजतं, त्यातनं इलेक्ट्रॉन सुटून वायरीतनं तांब्याकडं पळतात, ती पळापळ म्हणजेच वीज. चार लिंबं एकापुढं एक जोडली आणि इवलासा लाल दिवा लागला की! पोरानं काकूला मिठी मारली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हटलं, आपणबी दाखवू. घासण्यात माझा हात कुणी धरत न्हाय, बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली, अभिषेकाची भांडी माझ्याकडंच येतात. पट्ट्या नि खिळे कुणाला न सांगता दिवसभर चिंचेच्या कोळात भिजवले, मग राखेनं खसाखसा घासले. खिळ्यांवर बुडबुडे येत होते. मला वाटलं, मळ सुटतोय.

प्रदर्शनात पाहुणे टेबलापाशी आले आणि दिवा काय लागंना. अरिहंतनं वायरी हलवल्या, लिंबं बदलली. पाहुणे पुढं गेले. पोराचे डोळे भरले.

राजश्रीनं एक खिळा उपसून बघितला. जस्त पार उतरलेलं, नुसतं काळं लोखंड. तिनं माझ्याकडं बघितलं. मी राखेनं काळवंडलेली बोटं पदराआड घेतली.

"माझंच चुकलं रं," ती म्हणाली. "काल खिळे बदलले मी. साधे आले हातात."

आता बसतील हिला बोल, म्हणून मी कान देऊन उभी राहिले. सकाळी भाजीत मीठ जास्त पडलं तर अरिहंत मला केवढं फाडफाड बोललाय. खरं सांगते, मनातनं लई बरं वाटत होतं.

अरिहंतनं बाहीला डोळे पुसले.

"असू दे गं काकू," म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

चूक मी केलेली. माफीबी तीच घेऊन गेली.