शेकाची पिशवी

आईचा सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज होता: शेक. कंबर धरली, शेक. पोट दुखलं, शेक. जावई रुसून बसला असता तर त्यालाही तिने रबरी पिशवी लावली असती. त्यामुळे कॅन्सरपायी लेकीचा डावा स्तन काढून तिथे इम्प्लांट बसवलं आणि ती घरी आली, तेव्हा आईने सगळ्यात आधी गॅसवर पाणी ठेवलं.

"आई, शेक नाही हं," लेक म्हणाली. "तिथली कातडी बधिर आहे. भाजलं तरी मला कळायचं नाही. जखम चिघळली तर हे सगळं परत काढावं लागेल."

आईचं तोंड एवढंसं झालं. तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलेल्या बाईला गरम-गार शिकवता? हात वर करायचा नाही, बादली उचलायची नाही, हे तिने निमूट ऐकून घेतलं होतं. पण शेकही नाही, मग आईने करायचं काय? पिशवी आत टाकून तिने कपाटाचं दार जरा जोरातच लावलं.

लेक हसली. "तुला काम आहे. रोज बघायचं, लाली आलीय का, एक बाजू जास्त गरम लागतेय का. सिस्टरने सांगितलंय. हात धुऊन मात्र."

मग आई रोज सकाळी साबणाने हात खसखसून धुवायची आणि टाके सांभाळून हाताची मागची बाजू आधी उजवीकडे, मग डावीकडे टेकवायची. नवव्या दिवशी तिचा हात थबकला.

"आज हे गरम आहे."

लाली नव्हती, तापही नव्हता. "उकाड्याने असेल. उद्या बघू," लेक म्हणाली.

"उकाडा एकाच बाजूला होतो का गं? ऊठ!"

दवाखान्यात तपासण्या झाल्या, सलाइनमधून औषधं सुरू झाली. "जंतुसंसर्गाची सुरुवातच होती," डॉक्टर म्हणाले. "आठवडाभराने आला असतात तर काढावंच लागलं असतं." पाचव्या दिवशी दोघी घरी आल्या, इम्प्लांट शाबूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नेहमीसारखा हात टेकवला. उजवीकडे, मग डावीकडे. दोन्हीकडे सारखंच. तिला इतकं हायसं वाटलं की ती हात तसाच ठेवून बसून राहिली.

लेकीचे डोळे मिटलेले होते. "झालं का बघून? हात काढलास?"

आईच्या लक्षात आलं. आपला हात हिला कळतच नाही.

"नाही गं," ती म्हणाली. "तिथेच आहे."

"मग राहू दे थोडा वेळ."